चौथ्या मजल्यावरची खलनायिका

माझे बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा तराजू खरा की खोटा हे ठरवणं हे त्यांचं काम, आणि संध्याकाळी घरी येताना ते काम ऑफिसात ठेवून यायची त्यांना सवय नव्हती. काळाचौकीच्या एका खोलीतून आम्ही मीरा रोडला, पूनम सागरमध्ये आलो तेव्हा बाबांच्या तपासणीला जास्त जागा मिळाली एवढंच. भाजीवाल्याने मूठभर कोथिंबीर वर टाकली तर बाबा ती परत करायचे. तो बिचारा म्हणायचा, "साब, सब को देता हूँ," आणि बाबा म्हणायचे, "सब को दो, मेरे को मत दो." द्राक्षं घेताना एक चाखून बघणं ही त्यांच्या लेखी चोरी होती आणि दोन चाखणं ही सराईत चोरी. मी एकदा वर्गातला अंगठ्याएवढा खडू घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी तो कागदात गुंडाळून बाईंना परत द्यायला लागला, तोही "चुकून आणला" असं म्हणून नाही, "मुद्दाम आणला" असं म्हणून. बाईंना हसावं की रागवावं ते कळेना. शेवटी त्यांनी मला तो खडू बक्षीस दिला, आणि आता हा घरी न्यायचा की नाही या विचारात मी दिवसभर तो मुठीत धरून बसले. घामाने त्याचा लगदा झाला तेव्हा प्रश्न सुटला.

आईचं न्यायखातं वेगळं होतं. ती राजापूरकडची, पाच भावंडांत वाढलेली. तिच्या मते जगात दोनच तऱ्हेची कामं होती: ज्याने कोणाला तरी त्रास होतो ती, आणि ज्याने कोणाचं काही जात नाही ती. खडू आणल्याने शाळेचं काय गेलं? काही नाही. मग झालं तर! पण बाबांशी ती वाद घालायची नाही. "हो का? बरं," म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. त्यामुळे आमच्या घरात भांडणं फार कमी झाली आणि बाबांना अनेक वर्षं वाटत राहिलं, की घर त्यांच्या तत्त्वांवर चाललंय.

मी तेरा वर्षांची असतानाच्या त्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब होती. आमची बिल्डिंग चार मजल्यांची, खाली पार्किंग, लिफ्ट नाही. संध्याकाळी पाच ते साडेपाच एवढा अर्धा तास गच्चीवरच्या टाकीचं पाणी सोडायचे. एकावर एक असलेल्या घरांना मिळून एकच पाइप. तो गच्चीवरून आधी चौथ्या मजल्यावर, मग तिसऱ्यावर आमच्याकडे, मग दुसऱ्यावर मेहतांकडे आणि शेवटी पहिल्या मजल्यावर डिसोझा आंटींकडे उतरायचा. नळाला धार करंगळीएवढी. बाकीचं पाणी टँकरचं, आणि टँकर थांबायचा गेटपाशी. तिथून बादल्या भरून ज्याने त्याने आपापल्या मजल्यावर न्यायच्या. बाबा सात वाजता घरी यायचे तोवर सगळ्या बादल्या वर येऊन, पिंपं भरून, फरशी पुसूनसुद्धा झालेली असायची. आई रात्रीच्या आमटीला फोडणी द्यायची तेव्हा हिंगाच्या वासात तिच्या कंबरेला चोळलेल्या मलमाचा वास मिसळलेला असायचा. कितीतरी दिवस मला वाटायचं, आमटीचा वासच तसा असतो.

त्यावर इलाज काढला माझ्या मामाने. मामा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता आणि जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला खोलता येतं असा त्याचा विश्वास होता. गुढीपाडव्याला दुपारी बाबा श्रीखंड खाऊन झोपलेले असताना तो गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. पाइपमधलं पाणी आपल्या घरात खेचून घेणारी छोटी मोटर होती ती.

"ताई, भावजींना सांगितलंयस ना?" मामाने पाना हातात घेऊन कुजबुजत विचारलं.

"त्यांना कशाला? ते झोपलेत. झोपू देत."

आता, अशी मोटर लावायला सोसायटीत बंदी होती. खाली नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'घरात मोटर लावून पाणी खेचणे ही शेजाऱ्याच्या घरातील चोरी होय.' खाली सही, सचिव. सचिव आमचे बाबा होते आणि अक्षरही त्यांचंच. मामा वर येताना ती नोटीस वाचून आला होता. "अक्षर छान आहे हो भावजींचं," एवढंच तो म्हणाला.

मोटर बाथरूममध्ये बेसिनच्या खाली बसली. तिच्यावर निळा प्लास्टिकचा टब पालथा घातला आणि टबावर कपडे धुवायची पावडर. बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं. पाच वाजून दोन मिनिटांनी चालू, पाच वीसला बंद. अठरा मिनिटांत दोन पिंपं आणि सगळ्या बादल्या काठोकाठ. मोटरचा आवाज भुंगा डब्यात अडकल्यासारखा यायचा. एरवी काही प्रश्न नव्हता, पण रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बाबा घरी. त्या दिवशी बरोबर पाच वाजता आई मिक्सर लावायची. वीस मिनिटं मिक्सर चालवायचा म्हणजे भांड्यात काहीतरी हवंच, म्हणून चटणी. आधी ओल्या खोबऱ्याची, मग शेंगदाण्याची, मग लसणाची, जवसाची, कारळ्याची, दोडक्याच्या शिरांची. बाबा चवीने खायचे. "सुट्टीच्या दिवशी तू माझ्यासाठी एवढं करतेस," असं एकदा ते चक्क भावनेने म्हणाले. आईने त्यांना आणखी वाढली.

खरी पंचाईत पुढे झाली. घरात पाणी पुरतंय हे बाबांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी त्याचा स्वतःच्या पद्धतीने अर्थ लावला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून त्यांनी सांगितलं, "माझ्या घरात तीन माणसं. पाणी तेच, वेळ तीच, आमचं भागतं. प्रश्न पाण्याचा नाही, शिस्तीचा आहे." बायकांच्या रांगेत आई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात असा दाबला, की माझी एक बांगडी वाकली.

याच सुमाराला चौथ्या मजल्यावर, म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावर, मृणालताई भाड्याने राहत होत्या. अकोल्याच्या, सत्तावीस-अठ्ठावीसच्या, एकट्या. रात्री साडेआठला सगळी बिल्डिंग जी हिंदी मालिका बघायची तिच्यात त्या काम करायच्या. काम होतं मामीजीचं. या मामीजीने एका महिन्यात सुनेचं मंगळसूत्र लपवलं, सासऱ्यांची औषधं बदलली आणि खिरीत काहीतरी कालवलं. ते नेमकं काय होतं हे दोन आठवडे कळलं नाही, पण मामीजीची भुवई वर गेली की घराघरातून "आली बया!" असं ऐकू यायचं.

राहायला आल्यावर मृणालताईंनी सगळ्यांकडे पेढे पाठवले होते. मेहता आंटींनी ते खिडकीत ठेवून दिले. त्या आईला म्हणाल्या, "भाभी, खीर में क्या मिलाया था, देखा नहीं?" आईने मान डोलावली आणि आत येऊन मला म्हणाली, "चारू, खाऊ नको गं ते." मी दोन खाल्ले होते. आईने मला कॉटवर बसवलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दर थोड्या वेळाने जीभ बाहेर काढायला लावली.

आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा त्यात कोणालाच काही विनोदी वाटत नव्हतं. दुपारी बाथरूमच्या डक्टमधून मृणालताईंच्या हसण्याचा सराव ऐकू यायचा. एक दुष्ट हसू, मग थोडं थांबून त्यांचाच साधा आवाज, "नाही, जरा पोटातून," आणि मग आणखी दुष्ट हसू. डिसोझा आंटी तेवढ्यापुरत्या खिडक्या लावून घ्यायच्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आईने सगळ्या बिल्डिंगला बोलावलं, चौथ्या मजल्याला नाही.

"मृणालताईंना का नाही?" मी विचारलं.

"तिचं लग्न नाही झालेलं."

"डिसोझा आंटी तर ख्रिश्चन आहेत."

"तू पन्ह्यात वेलची घाल," आई म्हणाली.

मृणालताईंच्या बाजूने बोलणारं एकच माणूस होतं, मुर्ध्याहून मासळी घेऊन येणारी भागीमावशी. ती गेटबाहेर टोपली घेऊन बसायची. आईने तिच्यापाशी चौथ्या मजल्याचा विषय काढला तर ती बोंबील निवडता निवडता म्हणाली, "ती बाय चांगली हाय."

"कशावरून?"

"घासाघीस न्हाय करत. आन मना इचारते, मावशे, पानी पितंस का? तुमी इचारलाव कदी?"

घरी येऊन आईने मला तांब्याभर थंड पाणी घेऊन खाली पाठवलं. त्या दिवशीचं पाणी मोटरनेच आलेलं होतं, हे जिने उतरताना माझ्या लक्षात आलं आणि मी ते ताबडतोब विसरायचा प्रयत्न केला.

मृणालताईंशी माझी ओळख झाली तीही पाण्यावरूनच. एका संध्याकाळी त्या शूटिंगवरून लवकर आल्या आणि त्यांनी आमची बेल वाजवली. आई भाजी आणायला गेली होती. तोंडावर अर्धा मेकअप, एक भुवई मामीजीची आणि एक त्यांची स्वतःची. "एक तांब्या पाणी देशील? माझ्या नळाला नुसती हवा येतेय, फुस्स करून." मी दिलं. त्यांनी आमच्या दारातून आत बघितलं, काठोकाठ भरलेली पिंपं त्यांना दिसली. "तुमच्याकडे कसं गं येतं एवढं?"

"शिस्त," मी म्हणाले. माझ्या तोंडून बाबांचाच शब्द आला आणि जीभ एकदम जाड झाली.

कारण त्यांच्या नळाला हवा का येते हे मला माहीत होतं. बटण मीच दाबत होते. दुसऱ्या दिवसापासून आई भाजीला गेली, की मी एक बादली घेऊन चौथ्या मजल्यावर जायला लागले. प्लास्टिकच्या बादल्या आईच्या रोजच्या नजरेखालच्या, म्हणून माळ्यावरची स्टीलची काढली. ती लग्नातली होती. मृणालताईंच्या घरात एक चटई, एक आरसा, पुस्तकांची चवड आणि कुंडीत मिरचीचं रोप, एवढंच होतं. साऱ्या बिल्डिंगला धडकी भरवणारी ही बाई पालीला घाबरायची. पाल दिसली की त्या चटईवर उभ्या राहून "चारू, चारू" करायच्या आणि मी झाडू घेऊन धावायची. बदल्यात त्यांनी मला एकच भुवई वर करायला शिकवली. मी त्यांच्याकडून वचन घेतलं, की मी पाणी आणून देते हे कोणालाही सांगायचं नाही.

"शप्पथ घ्या."

"कोणाची घेऊ?"

"मामीजीची."

"तिच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार?" त्या म्हणाल्या, पण घेतली.

त्या दिवसांत मी स्वतःला फार चांगली मुलगी समजत होते. पाच वाजता ज्यांचं पाणी पळवायचं त्यांनाच सहा वाजता त्यातलं एक बादलीभर नेऊन द्यायचं, आणि जिना उतरताना छाती भरून यायची. पुढे आयुष्यात मी अशी बरीच मोठी माणसं पाहिली. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

मे महिन्यात मेहता अंकलचा नळ पार कोरडा पडला. डिसोझा आंटींचा तर आधीच पडला होता. मेहता अंकल सोसायटीचे चेअरमन. त्यांनी सरळ तर्क केला. पाणी वरून येतं, खाली पोचत नाही, म्हणजे वर कोणीतरी मोटर लावून बसलंय. वर घरं दोनच. एक सचिवांचं, आणि सचिव म्हणजे कोथिंबीर परत करणारा माणूस. राहिली मामीजी.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. मृणालताई भाडेकरू, त्यांना बोलावणं नव्हतं. मेहता अंकलनी ठराव मांडला, की चौथ्या मजल्याच्या मालकाला पत्र लिहायचं, महिन्याभरात ही बाई घर सोडून गेली पाहिजे. "ऐसे लोग सोसायटी का माहौल ख़राब करते हैं." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा बाबा उठले. मला वाटलं होतं तेही मान डोलावतील.

"तराजू न तपासता मी आजवर एकाही दुकानदाराला दोषी धरलेलं नाही," ते म्हणाले. "तपासणी करू. या लाइनीतली सगळी घरं बघू. आणि सुरुवात सचिवाच्या घरापासून."

आई वर्तमानपत्राने वारा घेत होती. वर्तमानपत्र थांबलं. पण मेहता अंकल हसले, "अरे सावंतसाहेब, तुमचं घर काय तपासायचं? शरम वाटेल आम्हाला. चला वरती." आणि सगळे उठले. बाबा "नियम म्हणजे नियम" म्हणत राहिले, पण दहा-बारा माणसं त्यांना तशीच ढकलत आमच्या दारावरून वर घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. आई खालीच बसून राहिली.

मृणालताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. एवढी माणसं बघून त्या आधी हसल्या, बहुधा त्यांना वाटलं काही वर्गणी-बिर्गणी असेल. बाबांनी अवघडून कारण सांगितलं. त्या बाजूला झाल्या. "बघा ना."

मोटर नव्हतीच. बाथरूममध्ये दोन रिकाम्या बादल्या होत्या आणि तिसरी, स्टीलची, पाऊण भरलेली. मेहता अंकलनी ती उचलून उजेडात आणली. तिच्यावर नाव घातलेलं होतं. ते चष्मा लावून मराठी अक्षरं जुळवत वाचू लागले, "चि. सौ. कां. सुनंदा हिस... सप्रेम भेट... मामा-मामी, राजापूर." मग विजयाने म्हणाले, "मामी! लिखा है, मामी!"

"ती आमच्या सौभाग्यवतींची मामी," बाबा हळूच म्हणाले. "ही आमची बादली आहे."

मोटर सापडली नव्हती, पण त्याहून चांगलं काहीतरी सापडलं होतं. सचिवाच्या घरातली बादली, तीही लग्नातली, तीही पाण्यासकट! मेहता आंटी म्हणाल्या, "घर में घुस के ले गई?" मृणालताईंनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग त्या बाबांना म्हणाल्या, "हो, मी घेतलीय. परत करते."

मामीजीची शपथ त्यांनी पाळली होती. मला रडू फुटलं आणि रडता रडताच मी ओरडले, "मी दिली! मी रोज देते. त्यांना पाणी येत नाही म्हणून."

पुढे जे झालं त्यासाठी मी तयार नव्हते. सगळे माझं कौतुक करायला लागले. डिसोझा आंटींनी मला जवळ घेतलं. मेहता आंटी म्हणाल्या, "कितने अच्छे संस्कार! दुश्मन को भी पानी पिलाया." कोणीतरी टाळी वाजवली. बाबांच्या चेहऱ्यावर अभिमान पसरायला लागला आणि तो अर्ध्यातच थांबला. ते बादलीकडे बघत होते. आयुष्यभर मापं तपासलेला माणूस तो. अर्धा तास, करंगळीएवढी धार, तीन माणसांचं घर, भरलेली दोन पिंपं आणि वर रोज एक बादली दान. त्यांचे ओठ किंचित हलत होते. बेरीज कुठेच जुळत नव्हती, आणि ती जुळत नाहीये हे त्यांना कळतंय हे मला दिसत होतं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण इतक्या जणांनी पाठ थोपटल्यावर खरं बोलणं भलतंच अवघड असतं.

"अहो, हिशोब नका करू." जिन्यातून आईचा आवाज आला. ती धापा टाकत वर येत होती, एक हात कठड्यावर, एक कंबरेवर. "मोटर आपल्याकडे आहे. बेसिनखाली, निळ्या टबात."

"भाभी, मज़ाक मत करो," मेहता अंकल म्हणाले.

"मज़ाक नहीं. मेरे भाई ने लगाके दिया. पानी मैंने लिया है." मग ती मराठीवर आली, "पाणी मी खेचलं, त्याचं जे काय ते मला बोला. हिने कशाला घर सोडायचं? ही पोर कुठे जाईल?"

डिसोझा आंटींनी छातीवर क्रूस काढला. बाबांनी विचारलं, "कधीपासून?"

"पाडव्यापासून."

"मुहूर्तावर," मेहता अंकल पुटपुटले.

बाबा खाली गेले. स्वतःच्या हाताने निळा टब उचलून त्यांनी मोटर बघितली, बराच वेळ बघितली. मग सोसायटीची वही काढून स्वच्छ अक्षरात लिहिलं, की तपासणीत सचिवाच्या घरी मोटर आढळली, चौथ्या मजल्यावरील भाडेकरूवरील आरोप निराधार आहे, आणि सचिव राजीनामा देत आहे. खाली सही केली आणि तारीख घातली. संध्याकाळी मामाला बोलावून मोटर काढून न्यायला लावली.

ते आईशी आठ दिवस बोलले नाहीत. बोलायचं ते माझ्यामार्फत. "चारू, आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे." आई दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असायची. "बाबांना सांग, मोजून घातलंय."

बिल्डिंगने मात्र आईला फार दिवस वाळीत टाकलं नाही. पहिले दोन दिवस बायका जिन्यात बघून न बघितल्यासारखं करायच्या. पाचव्या दिवशी मेहता आंटी कारळ्याच्या चटणीची कृती विचारायला आल्या आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, "सच बोलूँ भाभी? मैं भी लगवाने वाली थी. ये नहीं माने." आठवड्याभरात सगळं मिटलं. सावंत भाभी आपल्यातल्या, थकल्या होत्या बिचाऱ्या, होतं माणसाकडून. राजीनामाही कोणी मनावर घेतला नाही, कारण दुसरं कोणी सचिव व्हायला तयार नव्हतं. पण मृणालताईंची माफी मागायला एकही माणूस चौथ्या मजल्यावर चढलं नाही. "वो ठीक है," मेहता अंकल म्हणायचे, "लेकिन बाल्टी तो उसी के घर में मिली ना?" मी तेव्हापासून बघत आलेय, माणसं आधी माणूस आपला की परका ते ठरवतात, आणि मग गुन्हा केवढा ते ठरवतात. मीही तसंच करते. निदान आता करताना मला कळतं.

चढली ती फक्त आई. "माफ कर" हे शब्द तिला कधी म्हणता आले नाहीत. ती कैरी घातलेल्या डाळीचा डबा घेऊन वर गेली आणि म्हणाली, "हळदीकुंकवाला तुला बोलवायचं राहिलं. आता घे." त्यानंतर मृणालताई सुट्टी असेल तेव्हा साडेआठला खाली यायच्या आणि आईच्या शेजारी बसून स्वतःचीच मालिका बघायच्या. मामीजी पडद्यावर आली की आई कळवळून म्हणायची, "मेलीचं वाटोळं होणार बघ," आणि त्याच दमात वळून, "तू भात घे गं अजून." मृणालताई सांगायच्या, "काकू, पुढच्या आठवड्यात तर मी सुनेला—" "सांगू नको!" आई दोन्ही कान झाकायची. पावसाळ्यानंतर मामीजी जिन्यावरून पडून मेली आणि मृणालताई दुसरं काम मिळालं म्हणून गोरेगावला राहायला गेल्या. त्या दिवशी आई जेवली नाही.

पण त्या आठ दिवसांतला शेवटचा दिवस सांगायचा राहिला. तो दुसरा शनिवार होता, बाबा घरी. मोटर गेल्यामुळे पुन्हा टँकर आणि पुन्हा बादल्या. साडेचारला टँकरचा हॉर्न वाजला, आई पदर खोचून निघाली, आणि बाबांनी काही न बोलता कोपऱ्यातली एक बादली उचलली. आम्ही तिघं खाली गेलो. पहिली खेप बाबांनी झपाट्याने केली. दुसऱ्या खेपेला ते दुसऱ्या मजल्यावर थांबले. चौथ्या खेपेला ते तिथेच पायरीवर बसले, शर्ट पाठीला चिकटलेला. मी कळशी घेऊन त्यांच्या वरच्या वळणावर होते. खालून आई आली, दोन्ही हातांत दोन बादल्या. वाटेत बाबा बसलेले, म्हणून तिला थांबावं लागलं.

"रोज किती?" बाबांनी विचारलं. आठ दिवसांनी ते थेट तिच्याशी बोलत होते.

"दहा. कपडे असले की बारा."

"एका बादलीत पंधरा लिटर," बाबा म्हणाले. "बारा बादल्या म्हणजे..." पुढचा आकडा त्यांनी मनात केला असणार, पण उच्चारला नाही. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात? मोटर लाव म्हणाला असतात?"

बाबा खोटं बोलत नसत. आई उत्तराची वाट बघत होती, बादल्या खाली न ठेवता.

"नाही म्हणालो असतो," ते म्हणाले.

"म्हणून नाही सांगितलं."

खालून डिसोझा आंटींच्या रेडिओवर बातम्या लागल्याचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "पण ते चूकच होतं, सुनंदा."

"होतंच," आई म्हणाली. "मी कुठे नाही म्हणतेय? उठा आता, वाट अडवून बसलात."

बाबा उठले. आपली बादली त्यांनी तिथेच पायरीवर ठेवली, आईच्या हातातल्या दोन्ही घेतल्या आणि वर निघाले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता, पण तो वर करायला हात मोकळा नव्हता. आई लगेच त्यांच्यामागे गेली नाही. ती त्या पायरीवर तशीच उभी राहिली. मग दोन्ही रिकामे हात तिने उलटसुलट करून बघितले, आणि ते कुठे ठेवायचे हे न कळून पदरात गुंडाळून घेतले.